आत्याचा होल्डॉल

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात होते. ऑफिसात फोन आहे, असं शिपाई दारातूनच सांगून गेला. फोनवर वडील होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, कोर्टातल्यासारखा सरळ. "आक्का गेली. सकाळी गोठ्यात बसली ती उठलीच नाही. मी गाडी घेऊन येतोय, तयार राहा." साताऱ्याहून पलूसच्या बाजूला तिच्या गावी पोचेपर्यंत आम्ही दोघं जवळजवळ बोललो नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय जुनीच आहे.

पोचलो तर अंगण भरलं होतं आणि माणसं बाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. गावातली, भावकीतली माणसं ओळखू येत होती. पण एका बाजूला, बाभळीखाली, एक वेगळाच घोळका होता. कुणाचं कुणाशी नातं दिसेना. कुणी धोतरातलं, कुणी पँट घातलेलं, एक जण तर कारखान्याच्या खाकी कपड्यांत तसाच आलेला. वडिलांनी जवळ जाऊन विचारलं, आपण कुठले? एक जण कोरेगावकडचा निघाला, एक तासगावचा, एक थेट वाईचा. आक्काची ओळख कशी, असं विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांच्यातला वयस्कर माणूस हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "आमी होल्डॉलवालं, साहेब."

वडिलांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही...

मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. आत बायका कुजबुजत होत्या आणि सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकाच ठिकाणी होत होता. हवालदारास्नी आता कोन सांबाळनार? आक्का हुती तवर ठीक हुतं. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, भिंतीला टेकून ताठ बसले होते. येणारा प्रत्येक जण आधी आत्याकडे आणि मग त्यांच्या हातांकडे बघत होता. ते हात थरथरतात का, हेच सगळ्यांना बघायचं होतं.

मामा फौजेत हवालदार होते. बांगलादेशची लढाई झाल्यावर ते पेन्शनीत निघून घरी आले, ऊस लावला आणि प्यायला लागले. फौजेत असतानाही पीत होते, पण तिथं बिगूल वाजला की उठावं लागायचं. इथं उठवणारं कुणी नव्हतं. मी लहान होते आणि बहुतेक वेळ पाचगणीच्या बोर्डिंगात, त्यामुळे मला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. सुट्टीत गेलं की मामा बारीक दिसायचे. एका सुट्टीत त्यांच्या कपाळावर टाके होते. आमच्याकडे साताऱ्याला या विषयावर कुणी बोलत नसे. "त्यांची तब्येत बरी नाही," एवढंच.

आत्यानं गावातले सगळे उपाय केले. पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलायला लावून शपथ घातली, ती पौर्णिमेपर्यंतसुद्धा टिकली नाही. कुणा वैदूनं दिलेली पूड तिनं त्यांच्या नकळत आमटीत कालवली, तर मामा रक्त ओकले आणि त्या पुडीनंच जातात की काय असं झालं. तेव्हापासून तिनं चोरून काही करायचं सोडून दिलं. ती साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडे गेली. तेव्हा दारूबंदी होती, पिण्याचा परवाना आजाऱ्यालाच मिळायचा, आणि मामांच्या परवान्यासाठी प्रकृतीचा दाखला त्यांनीच दिला होता. ते म्हणाले, बाई, याला औषध नाही, याला मनाचा निर्धार लागतो. ती त्यांना काय म्हणाली हे वडील अजून सांगतात. "डाक्टर, पाजायच्या टायमाला तुमी लिवून दिलंसा की मानूस आजारी हाय. मग आता बरं करायच्या टायमाला आजारी न्हाई कसं?"  पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते ऐकल्यावर मामा दोन दिवस शेतातच राहिले.

मग एका रविवारी, भेटीच्या दिवशी, ती पाचगणीला आली. नऊवारी लुगडं, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. इतर मुलींचे आईवडील त्यांना टेबललँडवर फिरायला नेत होते. आत्यानं लाडू माझ्या हातात दिले आणि विचारलं, "तुमच्या साळंत दवाखाना हाय न्हवं? चल, तितल्या बाईशी मला बोलायचंय." शाळेच्या दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं, आत्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि मधे मी. मी तेव्हा वर्गात हात वर करून प्रश्न विचारायलाही घाबरायचे.

तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं... माझे मामा दारू पितात. इंग्रजीत उच्चारलं. मला आश्चर्य वाटलं की ते इतकं सहज तोंडातून निघालं. मराठीत आमच्या घरात कुणीच ते कधी म्हटलं नव्हतं. सिस्टरनी शांतपणे काही प्रश्न विचारले आणि मग त्यांचा एक शब्द आला, ज्याला मराठीत काय म्हणायचं ते मला कळेना. मला एकच शब्द माहीत होता, तो मी अर्धवट उच्चारला. "त्या विचारतात, ते दारुडे..."

"तसं म्हनू नगंस," आत्या म्हणाली. "ती बाई तसं म्हनली न्हाई. तिचं त्वांड बघ. शिवी देताना मानसाचं त्वांड आसं नसतं. तिला इचार, ह्ये दुखनं हाय का?"

मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, हो, दुखणंच आहे, आणि बरं करता येतं. त्या जिथं शिकल्या होत्या त्या मिशनच्या दवाखान्यात असे रोगी घेतात. तो दवाखाना आत्याच्या गावापासून फार लांबही नव्हता. ज्याच्यासाठी आत्या पालीपासून साताऱ्यापर्यंत फिरली, ते तिच्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर होतं आणि कुणाला ठाऊक नव्हतं! रोग्यानं आपलं अंथरूण-पांघरूण आणायचं आणि सोबत घरचं एक माणूस राहायचं, अशी अट होती.

मामांच्या पिण्याला आमच्या घरात त्या दिवसापासून 'दुखणं' हा शब्द मिळाला. पण मामा तयार होईनात. गाव काय म्हणेल, हवालदार वेडा झाला? आत्यानं वाद घातला नाही. एप्रिलात सुट्टीला मी तिच्याकडे गेले, दवाखान्यात माझ्या इंग्रजीचा उपयोग होईल म्हणून तिनं मागूनच घेतलं होतं मला. एका सकाळी तिनं माळ्यावरून मामांचा फौजेतला होल्डॉल, अंथरूण-पांघरूण गुंडाळून न्यायची वळकटी, काढला. खाकी कॅनव्हास, कातडी पट्टे, वर पांढऱ्या रंगानं मामांचं नाव आणि नंबर. त्यात घोंगडी, सतरंजी, ताटवाटी बांधली आणि मामांना म्हणाली, "सरकारनं बोलावलंय म्हनून सांगायचं. होल्डॉल घिऊन निगाल्यावर कोन इचारतंय?"

आमच्या भागात फौजी रजा संपवून निघाला की घरातली बाई त्याच्या कपाळाला कुंकू लावते आणि उजव्या हातावर दही घालते. दही खाऊन तो निघतो, मागं वळून बघत नाही. जातो म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं. आत्यानं हे सगळं केलं. लढाईला पाठवताना केलं असेल तसंच. मामांचा हात इतका थरथरत होता की दही मनगटापर्यंत ओघळलं. तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा घातलं. रस्त्यानं माणसं विचारत होती, "काय हवालदार, परत ड्युटी?" आणि मामा मान ताठ करून चालत होते. होल्डॉल मात्र आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरला होता.

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. पहिले काही दिवस वाईट होते. मामा भिंतीवरून मुंग्या झटकत होते आणि मुंग्या नव्हत्या. आत्या आवारात तीन दगडांवर भाकरी करायची आणि प्रत्येक गोष्ट मला डॉक्टरांना विचारायला लावायची. गोळी कशाची, किती दिवस, पुन्हा प्यायले तर काय. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ती एकदा ऐकलेलं विसरत नसे. मे महिन्याच्या शेवटी आम्ही परत आलो. मामांच्या अंगावर मांस आलं होतं. आणि इथंच आत्याची चूक तिच्या अंगावर आली.

ड्युटीवर गेलेला फौजी घरी येतो तेव्हा काय आणतो? कँटीनची रम. गावातली माणसं त्या संध्याकाळी जमतात, ही रीतच आहे, आणि आत्याच्या लक्षात ती राहिली नव्हती. आम्ही हातपाय धुतो न धुतो तोच अंगणात माणसं येऊन बसली. पुढं शेजारचे बापू, मामांचे जुने सोबती. त्यांनी येताना पेले आणि भाजलेल्या शेंगासुद्धा आणल्या होत्या.

"हवालदार, सोडा की होल्डॉल," बापू म्हणाले. "कँटीनचा माल तरी दिसू द्या गड्या."

मामा होल्डॉलजवळ बसले होते. पट्ट्यावरून त्यांची बोटं पुन्हापुन्हा फिरत होती. ते हसत होते. ते हसू मला ओळखीचं होतं, ते पिण्याआधीचं होतं. कुणीतरी म्हणालं, नसंल तर राहू दे, माझ्याकडं हाय आर्धी. आणि मामांनी नाही म्हटलं नाही.

तेव्हा आत्या चुलीपासून उठून बाहेर आली. पुरुषांच्या घोळक्यात ती कधी येत नसे. तिनं मामांचा हात बाजूला केला, पट्टे सोडले आणि होल्डॉल सगळ्यांसमोर झटकन उलगडला. घोंगडी, ताटवाटी, आणि एका डबीत गोळ्या. तिनं डबी बापूंच्या पेल्याशेजारी ठेवली.

"ह्यो माल. ह्ये ड्युटीवर गेलं नव्हतं. दवाखान्यात हुतं, दारूचं दुखनं बरं करायला. मी खोटं सांगितलं. आता खरं सांगते."

बापूंनी डबी उचलून कानाशी खुळखुळवली. मग बापू हसले. "दारूला कुटं दवाखाना असतो व्हय आक्का? पिनाऱ्यानं पिऊ ने, झालं."

"टीबीवाल्याला म्हनता का, खोकू नगं म्हनून?"

माणसं उठून गेली. पेले तसेच राहिले, ते दुसऱ्या दिवशी आत्यानं धुऊन घरोघर पोचते केले. गावात पुष्कळ दिवस चेष्टा चालली. पोरं मामांना 'गोळीवालं हवालदार' म्हणायची. मामा शेताला जायचे, यायचे, आणि त्यांनी पुन्हा पेल्याला हात लावला नाही. ऊस तुटायच्या दिवसांत बापू घरामागच्या परड्यातल्या दारानं आले. आत्याला म्हणाले, "आक्का, त्यो दवाखाना कुटं म्हनलासा?"

आत्यानं होल्डॉल काढला. बापूंच्या बायकोला त्यांच्या हातावर दही घालायला सांगितलं, आणि तेही परड्यात नाही, पुढच्या दारात. "गाव बघू दे. लडाईवर चाललाय मानूस." त्यानंतर होल्डॉल माळ्यावर गेला नाही, ओसरीतल्या खुंटीवर राहिला. तासगाव, कऱ्हाड, कोरेगाव... कुठून कुठून बायका यायच्या. बसायच्या, ताक प्यायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, दुखण्याचं इचारायचं हुतं. आत्या सगळं तोंडपाठ सांगायची, कुठली एसटी, कुठल्या वारी डॉक्टर भेटतात, पहिले दिवस कसे जातील, घाबरायचं कशाला नाही. काही जण बरे झाले, काही झाले नाहीत. एक माणूस महिन्यात पुन्हा पिऊन दारात आला, तर त्याची आई रडायला लागली. आत्या म्हणाली, "रडतीयास कशाला? रजेवर आलाय. रजा संपली, की निगंल परत." आणि तिनं त्याच्या हातावर पुन्हा दही घातलं. होल्डॉलवरचं नाव पुसून टाकू का, असं तिनं मामांना एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, राहू दे. दवाखान्यात पोर्टर म्हणायचे, हवालदारांचा होल्डॉल आला. त्यांना तेही आवडायचं, असं मला वाटतं.

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणे पांगायला लागले. खुंटीवर होल्डॉल होता, आत्यानं शेवटचा धुऊन ठेवलेला. मामा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर होतं, बापूंचं सर्वांत जास्त. अशा वेळी अंगणात एक बाई आली, सोबत नवरा, तिशीचा असेल नसेल. आत्या गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. पंगतीची पत्रावळ बघून ती ओशाळली आणि परत फिरायला लागली.

"थांब," मामा म्हणाले.

ते उठले. खुंटीवरून होल्डॉल काढला आणि त्या माणसाच्या पायाशी ठेवला. मग स्वयंपाकघरात गेले आणि दह्याची वाटी घेऊन आले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दही बाईनं घालायचं असतं, त्यातून मामांच्या घरची बाई नुकतीच गेलेली.  मामांनी त्या माणसाचा उजवा हात पुढं घेतला. तो हात थरथरत होता. मामांचा थरथरत नव्हता. त्यांनी तळव्यावर मधोमध दही ठेवलं, एक थेंबही न सांडता, आणि आत्या सांगायची ते सगळं सांगितलं, एसटीपासून गोळ्यांपर्यंत.

माणसानं दही खाल्लं, होल्डॉल खांद्यावर घेतला. "जातो," तो म्हणाला.

"येतो म्हन," मामा म्हणाले.

मला अभिमान वाटतो हे सांगायला मी सहसा धजत नाही. पण परवा मी पुन्हा गेले होते. ओसरीतली ती खुंटी रिकामी होती, आणि मामा तिच्याखाली निवांत शेंगा फोडत बसले होते.