सुरातलं ‘नको’

माझं माहेर रोह्याजवळचं वरसे. लग्न होऊन मी पेणला आले, ती गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत. आमच्या घराला लागूनच एक कारखाना आहे. मूर्ती साच्यातून काढून वाळली की तिच्या अंगावरचे खडबडीत कंगोरे पॉलिश पेपरने घासून साफ करावे लागतात. हे घासकाम आळीतल्या बायका करतात. माझ्या सासूबाई त्यातल्या सगळ्यात जुन्या. हात चालायचा तसा त्यांचा गळाही चालायचा. त्या गौरीचं एखादं गाणं सुरू करायच्या, बाकीच्या मागून म्हणायच्या, आणि दुपार कशी सरली ते कळायचं नाही. आळीत कुणाकडेही हळद असली की आधी त्यांना बोलावणं यायचं.

मी मात्र बेसूर. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायची. सासूबाईंनी मला दोनचार वेळा बायकांत बसवून पाहिलं, मग म्हणाल्या, “तू चहा टाक. तो बरा करतेस.”

थंडीतल्या एका सकाळी त्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हातातली शेंग पडली. उचलायला गेल्या तर उजवा हातच उचलेना. आम्ही लगेच गाडी करून पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. काही आठवड्यांनी त्या काठी घेऊन घरात चालू लागल्या, पण वाचा गेली ती गेलीच. सगळ्या शब्दांपैकी एकच मागे राहिला होता, ‘व्हय’.

चहा हवा का विचारलं की व्हय. मी कप पुढे करायची, आणि त्या तो डाव्या हाताने मागे सारायच्या, “व्हय, व्हय” म्हणतच. नको म्हणायचं असायचं, तोंडातून उलटंच यायचं. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. डोळे रागाने भरून यायचे. हळूहळू त्यांनी तो एक शब्दही टाकून दिला. खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागल्या. कारखान्यातल्या बायका भेटायला आल्या, पण सासूबाईंना ऐकूच येत नसल्यासारखं मोठमोठ्याने बोलायच्या आणि उत्तर आलं नाही की अवघडून उठायच्या. पुढे येणंही कमी झालं. कारखान्यात आता कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी वाजत होती.

न चुकता यायच्या त्या फक्त खाला, सगळ्या आळीच्या मावशी. मागच्या मोहल्ल्यात त्यांचं घर. दोन्ही मुलगे कुवेतला. सासूबाईंची आणि त्यांची मैत्री माझ्या लग्नाच्याही आधीची. दुपारची कामं आटोपली की त्या यायच्या, चप्पल काढता काढताच बोलायला लागायच्या. मासळी महाग झाली, पाण्याचा टँकर आला नाय, सुनेने बिर्याणीत मीठच टाकलं नाय. उत्तराची वाट त्या बघायच्याच नाहीत. सासूबाई भिंतीकडे तोंड करून असल्या तरी खाला त्यांच्यासमोर भिंतीलाच टेकून बसायच्या.

एकदा त्या त्यांच्या नातीच्या लग्नाचं सांगत होत्या. नातीचा बाप कुवेतहून सुट्टी काढून येणार होता, आणि हळदीला खालांना जुनी गाणी हवी होती. “आमच्या पोरींना डीजे पायजे. मी म्हटलं, डीजे लावा, पण हळद लावताना नाय.” मग त्या गुणगुणायला लागल्या. मी आत आमटीला फोडणी देत होते.

“केळीच्या मळ्यात गो हळद फुलली,” खालांनी म्हटलं आणि अडखळल्या. पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा तिथेच थांबल्या. “म्होरं काय गो ते?”

आणि खुर्चीतून खरखरीत, पडका आवाज आला, “वाटली आत्यानं, मावशीनं लावली.”

हातातली पळी मी तशीच टाकली. मी धावत बाहेर आले. “आई, काय म्हणालात? परत बोला ना.”

सासूबाईंनी तोंड उघडलं. “व्हय,” एवढंच आलं, आणि त्या रडायला लागल्या.

खालांनी मला हाताने मागे सारलं. “तू विचारू नको गो तिला. मी म्हणते, ती म्हणंल.” त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं. सासूबाई रडत रडतच म्हणू लागल्या. काही शब्द गळत होते, पण ओळी येत होत्या, एकामागून एक.

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तो दुखावलाय, पण सुराची वाट थोडी निराळी असते. आता घरात साध्यासाध्या गोष्टी चालीत बोला. तुम्ही चालीत विचारा, त्यांना चालीत उत्तर देऊ दे.

म्हणजे आता मला गावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या लावून मी सासूबाईंपुढे उभी राहिले आणि त्या हळदीच्याच चालीवर म्हटलं, “चहा घेता का हो आई, चहा घेता का?” माझा आवाज कुठून कुठे गेला मलाच ठाऊक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाची एक बाजू वर गेली, खांदे हलायला लागले. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि हळूच म्हटलं, “नको गो... नको गो... पाणी दे.”

कितीतरी दिवसांनी त्यांना नाही म्हणता आलं होतं. मी पाणी आणलं, आणि त्या ते सगळं प्यायल्या.

मग आमचं घर गातच राहिलं. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून यायचा आणि उंबऱ्यातूनच लाजत लाजत चालीत विचारायचा, “आई, जेवलीस का?” शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे भजन बसवताय का. मी सांगितलं, तर संध्याकाळी त्याही आल्या आणि चालीतच बोलून गेल्या. कारखान्यातल्या बायकांना कळलं तेव्हा त्या खुर्चीसकट सासूबाईंना उचलून शेडमध्ये घेऊन गेल्या. मोबाइल बंद झाला. डाव्या हातात पॉलिश पेपर धरून सासूबाई छोट्या मूर्ती घासू लागल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध त्यांचा पडका आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

खालांच्या नातीच्या हळदीला आम्ही सगळी आळी गेलो. खालांनी सासूबाईंना नवरीशेजारी बसवलं. पहिलं गाणं त्या दोघींनी मिळून म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर सासूबाई अडकल्या. ओठ हलत होते, शब्द नव्हता. त्यांनी खालांकडे पाहिलं. खालांनाही ती ओळ येत नव्हती. मला येत होती, रोज कारखान्यातून ऐकून पाठ झाली होती. मी डोळे मिटून ती मोठ्याने म्हटली. मागे कुणीतरी हसलं. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, हाताने मला आवाज खाली घ्यायची खूण केली आणि गाणं माझ्याकडून काढून घेऊन जागच्या जागी नेऊन ठेवलं. तिथून ते शेवटपर्यंत गेलं. नवरीचे हात-पाय पिवळे झाले, आणि खाला पदराने डोळे पुसत सगळ्यांना सरबत वाटत फिरल्या.

आता सासूबाई चालीशिवायही छोटी छोटी वाक्यं बोलतात. माणसांची नावं अजून सापडत नाहीत, मला कधी ‘ही’ म्हणतात, कधी ‘चहावाली’. दुकानात एकट्या जातात, भाव करतात.

मागच्या महिन्यात वरशाला माझ्या भाचीची हळद होती. भाऊ तिथे नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. निरनिराळ्या गावांहून नोकरीसाठी आलेली माणसं, एकमेकींना जिन्यात हसण्यापुरतं ओळखणाऱ्या बायका. हळदीची गाणी कुणालाच येत नव्हती. सासूबाईंनी खुर्ची पार्किंगच्या मधोमध मांडायला लावली आणि म्हणाल्या, “बसा गो. मी म्हणते.” बायका आधी लांबून बघत होत्या. मग एकीने सतरंजी आणली, दुसरी तिच्याशेजारी बसली. तिसऱ्या ओळीला सगळ्या म्हणत होत्या, आणि वरच्या मजल्यांवरून आणखी काहीजणी ओल्या हातांनीच खाली उतरत होत्या.