तिसरा आवाज

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये मी तिसरा आवाज होतो. म्हणजे नक्की काय, हे बायकोला समजावून थकलो. गाण्याची चाल गायचा तो मेन. वरचा आणि खालचा आवाज त्याला धरून असायचे, आणि मी मधल्या फटीत 'ऊ' आणि 'आ' करत उभा. घरी भाजी निवडताना माझा भाग गुणगुणलो की ती विचारायची, "हे खरंच गाणं आहे का?"

अमेरिकेतल्या काळ्या गायकांची जुनी 'सोल' गाणी आम्ही गायचो. बोटीवर नोकरीला असलेल्या मेनच्या मामाने आणलेल्या कॅसेटी ऐकून ऐकून बसवलेली. ते तिघे ख्रिस्ती, चर्चच्या कॉयरमध्ये तयार झालेले. मी होळी नावाच्या गावातल्या बागायतदार हिंदू घरचा. मधला आवाज लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांच्या वर्गातला मी ओढला गेलो. आईला वाटायचं, पोरगं बाटलं. मला वाटायचं, आपण अमेरिकेला पोचलो. प्रत्यक्षात आम्ही नालासोपाऱ्यापासून अर्नाळ्यापर्यंत लग्नांत गायलो, मे महिन्याच्या उकाड्यात कोट-टाय घालून. मग डीजे आले. वरचा आवाज कॅनडाला गेला, खालचा मागच्या वर्षी वारला. ग्रुप बंद झाला असं कोणी कधी म्हटलं नाही, बोलावणी थांबली एवढंच. त्यामुळे मी अजून ग्रुपमध्ये आहे की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

लोक मेनलाच ओळखायचे. मला "तुम्ही वाजवायचात ना?" असंही विचारून झालंय. राग यायचा. अजून येतो.

यंदा मेनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. महिन्याभराने त्याच्या मुलीचा फोन आला. ती एव्हरशाईन सिटीत राहते, त्याला तिकडेच नेलंय.

"अंकल, डॅडी तीन दिवस एकच काहीतरी गुणगुणतायत. कुठलं गाणं ते कळतच नाहीये. डॉक्टर म्हणतात, नुसता आवाज असेल, मीनिंग काही नसतं त्याला. तुम्ही ऐकून सांगाल?"

तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. गाणं निघालं, तर आत बाप शाबूत होता.

गेलो. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मला बघून ओळख दाखवली नाही. किंवा दाखवलीही असेल, अर्धा चेहरा हलतच नाही तिथे काय कळणार. गुणगुणणं चालूच होतं. दोन सूर, मग थांबा, एक खाली, पुन्हा तेच दोन. आमची सगळी गाणी मी मनात एकेक करून लावून पाहिली. एकही बसेना. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं याच्या शेजारी उभा राहिलो, आणि याचं एक गाणं ओळखता येऊ नये? की डॉक्टरच बरोबर?

"नाही ना काही?" ती म्हणाली.

मी नाहीच म्हणणार होतो. तेवढ्यात तो थांबला, आणि त्याच जागी मी श्वास घेतला. मुद्दाम नाही, सवयीने. तेव्हा कुठे उजेड पडला. तिथे श्वास मीच घ्यायचो. तो माझा भाग गात होता. मी तो जन्मभर गायलो, पण बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

"गाणं आहे," मी म्हटलं. "पण हा भाग माझा आहे. डॅडींचा नाही."

"मग डॅडी तुमचा भाग का गातायत?"

मला काय माहीत? त्याची स्वतःची चाल पुसली गेली होती, की इतकी वर्षं तो माझंच ऐकत होता? मला रडू आलं. आणि खरं सांगायचं तर रागही आला. लेका, हे आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

मुलीची खात्री पटवायची तर कोणीतरी मेनची चाल गायला हवी होती. ती मी कधीच गायलो नव्हतो. घसा खाकरून सुरू केली. आवाज फाटला, तरी पहिली ओळ पार पडली. शेजारी त्याचे ते दोन सूर चालूच होते. मुलीने तोंडावर हात धरला. लहानपणापासून ऐकलेलं गाणं तिला सापडलं होतं. दुसऱ्या ओळीत मी चुकलो. त्याने गुणगुणणं थांबवलं, डावा हात वर करून मला गप्प केलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेपर्यंत तो हात खाली घेतला नाही.