भोंगा वाजला की आधी पुरवठा तोडायचा

चाळिशीच्या तोंडावर मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, माणूस जिद्दीचा आहे. दुसऱ्याचं म्हणणं, घरी बसून बसून डोक्यावर परिणाम झालाय. बायको दोन्ही तटांत आलटून पालटून असायची, बहुतेक माझ्या वागण्यावर अवलंबून.

त्याआधी मी आपट्याजवळ, पाताळगंगेच्या काठच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. कारखाना बंद पडला. माझ्या जुन्या साहेबांनी मोठ्या मनानं आखातात नोकरी जमवून दिली. तसाच प्लांट, तसंच पॅनेल, वर्षातून एकदा सुट्टी. सगळे म्हणाले, नशीब काढलंस. मला मात्र जायचं नव्हतं. माझे वडील जहाजावर असायचे. ते सुट्टीवर आले की मी आईला विचारायचो, हे काका परत कधी जाणार? हा किस्सा आमच्याकडे लग्नकार्यात हमखास निघतो आणि लोक पोट धरून हसतात. मला काही त्यात हसू येत नाही. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी बायकोकडे एक वर्ष मागून घेतलं. तेवढ्यात नवी विद्या शिकून इथंच नोकरी लागली तर उत्तम, नापास झालो तर मुकाट विमानात बसायचं. साहेबही तेवढे थांबायला तयार झाले.

नवीन पनवेलच्या एका कॉलेजात माहिती तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर कोर्स संध्याकाळी चालायचा. जाहिरातीत लिहिलं होतं, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल. कुणालातरी मी चालतोय एवढं वाचूनच बरं वाटलं. वर्गात पाहिलं तर सगळे माझ्यासारखेच, एक गाडी सोडून दुसरी पकडायला आलेले. ज्यांच्याकडे पेशंट फिरकत नसत असे एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते. बँकेतले एक गृहस्थ होते, त्यांना कॉम्प्युटरची इतकी धास्ती की माऊस दोन बोटांनी उचलून धरायचे. हिंदीच्या एक शिक्षिका होत्या. शिकवणाऱ्या मॅडम आम्हा सगळ्यांहून लहान. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि संकोचानं त्या आम्हाला सर म्हणायच्या, त्यामुळे त्या वर्गात विद्यार्थी असा कुणी नव्हताच.

माझ्या शेजारच्या मशीनवर गव्हाणची एक ताई बसायची. कोळ्याच्या घरची सून, सासऱ्यांची स्वतःची होडी. ती बी.कॉम. होऊन बंदराकडच्या एका कंटेनर गोदामात कारकून होती. तिच्या साहेबांनी शब्द दिला होता, फर्स्ट क्लास आण, तुला कॉम्प्युटर विभागात घेतो. वर्गात ती आमच्यासारखीच छापील बोलायची. सासूचा फोन आला की मात्र आवाज बदलायचा, शब्द बदलायचे, आणि बाई एकदम मोकळी वाटायची. वयानं मी मोठा म्हणून ती मला दादा म्हणायची, आणि तरी शिकवायची तीच. एकच गोष्ट मी चारदा विचारली तर चारदा सांगायची. आखाताचं आणि मुलीचंही मी तिला सांगून टाकलं होतं. ज्याच्याशी रोज चुका वाटून घेतो त्याच्यापासून काय लपवणार?

"दादा, हा तुमचा रिअॅक्टर नाही," ती म्हणायची. "फुटणार नाही. दाबा बटण."

कारण मी घाबरत घाबरत दाबायचो. कारखान्यातली सवय. तिथं एक व्हॉल्व्ह उघडण्याआधी दुसरा बंद असल्याची खात्री करायची, ती दुसऱ्याकडून वदवून घ्यायची, मग तिसऱ्याला हाक मारायची. माझे प्रोग्रॅमही तसेच निघायचे. नाव टाका. नाव बरोबर आहे ना? हो. नक्की ना? हो. पुढे जायचं? मॅडम एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, तुमचा प्रोग्रॅम संपेपर्यंत वापरणारा म्हातारा होईल." वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न काही काढले नाहीत.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक आले होते, उंच, कडक इस्त्रीचे. लोडशेडिंगची वेळ टाळून सकाळीच परीक्षा ठेवली होती, पण वीज मंडळानं आमचं वेळापत्रक वाचलेलं नसावं. माझा प्रोग्रॅम निम्म्यावर आला असताना पंखे थांबले आणि कोपऱ्यातला यूपीएस टीप टीप करू लागला. वर्गाला हे रोजचंच होतं. यूपीएस ओरडला की काम सेव्ह करायचं आणि पुढे चालू ठेवायचं, बराच वेळ तो तग धरायचा. एरवी मलाही हे माहीत होतं. पण त्या दिवशी आधीच जीव मुठीत धरून बसलेलो, आणि कानात तो आवाज. कारखान्यात आम्हाला एकच गोष्ट वर्षानुवर्षं घोटून शिकवली होती, भोंगा वाजला की विचार करायचा नाही, आधी पुरवठा तोडायचा. माझे पाय माझ्या आधी उठले. दाराशेजारी यूपीएसच्या बोर्डावर मोठा स्विच होता. तो मी खाडकन खाली ओढला.

कुणी काही सेव्ह करायच्या आत सगळे पडदे एकदम काळे झाले. आणि मी, अंगावर युनिफॉर्म असल्यासारखा, सगळे सुखरूप आहेत ना म्हणून वळून बघतोय!

"अहो, काय केलंत हे!" डॉक्टर ओरडले.

तेव्हा कुठे मी भानावर आलो. ताई काळ्या पडद्याकडे बघत होती. तिचं सगळं झालं होतं, उत्तर बरोबर आलं होतं, परीक्षकांना हाक मारायची तेवढी बाकी होती. "दादा, माझं सगळं झालं होतं हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कुणी केलं, असं परीक्षकांनी विचारलं. मी हात वर केला. ते म्हणाले, वीज आल्यावर बाकीच्यांची परीक्षा पहिल्यापासून घेऊ, तुम्ही बाहेर जा, तुमची परीक्षा संपली. मी पिशवी उचलली. एक वर्ष संपलं होतं आणि मला विमानाची शिडी दिसत होती.

"सर, त्यांना बाहेर पाठवू नका," मागून ताईचा आवाज आला.

"का? तुमचंच तर सगळ्यात जास्त नुकसान झालंय," परीक्षक म्हणाले.

"झालंय ना, म्हनून तर मी बोलते." रागानं की कशानं कोण जाणे, वर्गात पहिल्यांदाच तिच्या तोंडून गावची भाषा आली. "आमच्या होडीवर कोनाच्या हातून जालं फाटलं तर त्याला शिव्या पडतात. मी पन आता मनात घातल्या. पन त्याला किनाऱ्यावर टाकून होडी नाय जात. जालं शिवायला त्यालाच बसवतात, आनि दुसऱ्या दिवशी त्यालाच घेऊन जातात. नायतर सगले भिऊन हात आखडून बसतील, मग काम कोन करनार?"

मग डॉक्टर म्हणाले, आमची कुणाचीच तक्रार नाही. बँकेतल्या गृहस्थांनी मान डोलावली. मॅडम हळूच पुढे झाल्या. "सर, वीज आली की सगळी मशीन तेच सुरू करून देतील. सगळ्यांची सुरू झाल्यावर ते शेवटी बसतील." परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, बरं.

वीज दुपारी आली. तोवर एकही जण घरी गेला नाही. शिक्षिकाबाईंनी डबा उघडून थालीपिठाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. बँकवाले म्हणाले, आता यूपीएस ओरडला तर आधी तुमचे हात बांधतो. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग मी एकेक मशीन सुरू केलं, प्रत्येकाला विचारलं, चालू झालं ना, नक्की ना, आणि शेवटी माझ्या जागी बसलो.

माझा प्रोग्रॅम चालला. परीक्षकांनी तो चालवून बघितला आणि वैतागून विचारलं, हा दर पायरीला 'नक्की ना' का विचारतो? मी कारखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग सकाळी स्विच ओढण्याआधी एकदा स्वतःलाही विचारायचं होतं." त्यांच्या मिशीत हसू होतं.

मी पास झालो, जेमतेम. बेलापूरच्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीही लागली. तिथं औषधांच्या नोंदीला माझे ते प्रश्न उपयोगी पडले. ताई पुढे कॉम्प्युटर विभागात गेलीच, पण बऱ्याच उशिरानं, आणि तो उशीर माझ्यापायी झाला. दुसऱ्यांदा प्रोग्रॅम लिहिताना तिचं शेवटचं काम वेळेत पुरं झालं नव्हतं, आणि फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. हे मला निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डासमोर कळलं. ती माझ्या आधीच येऊन उभी होती. चुकलो म्हणालो, हात जोडले, तर तिनं माझे हात खाली केले.

"तुमी पास झालात ना?"

"झालो. पण तुमचा..."

"माझ्या सायबाला मी बघते. नायतर दुसरा सायब बघीन," ती म्हणाली. "तुमी आधी घरी जा. पोरीला सांगा, बाप कुठं जात नाय म्हनून."