टाकीच्या झाकणाची हळद

चार वर्षं मी आर्णीजवळच्या आमच्या गावी, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बांधत होतो. एका माणसाचं, जुन्या मोटारीच्या इंजिनवर चालणारं. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेल्याला दुसरं काय सुचणार! गावानं येडा ठरवलं, मित्र चहाला यायचे बंद झाले. बायको तेवढी सोबत होती. पंखांचं सगळं कापड तिनं स्वतःच्या मशीनवर शिवलं. दोरा संपला की मलाच झापायची, "काहून जी, विमान तुमाले पायजे अन् बाजारात मी जाऊ?"

जमिनीवर इंजिन पंधरा-पंधरा मिनिटं न कुरकुरता चालायचं. सोयाबीन निघून शेत मोकळं झालं, तसा उडायचा दिवस ठरवला. येडा म्हणणारं निम्मं गाव सकाळीच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हजर. बायकोनं नारळ फोडला, हळद-कुंकू कालवून चाकांना, पंख्याला, टाकीच्या झाकणाला बोटं लावली. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल कमी होतं तशी तिथून हवा आत जाते; ते बुजलं तर पेट्रोल इंजिनपर्यंत येत नाही. निघण्याआधी ते बघायचं काम माझं. घाईत मी बघितलं नाही.

विमान उचललं. आई शप्पथ, मी पोरासारखा ओरडलो! खाली ती हात हलवत होती. पहिला फेरा संपत आला आणि इंजिन खोकलं, पुन्हा धरलं, मग गप्प. इतकं गप्प, की कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर ऐकू आली. इंजिन गेलं की मागे वळायचं नाही, समोर उतरायचं, एवढं पाठ होतं. समोर कपाशी होती. तिच्यात चाकं अडकली, नाक मातीत गेलं, पंखा तुटला, माझा खांदा निखळला.

सगळ्यांच्या आधी ती पोचली, अनवाणी. "लागलं का जी? बोला ना!"

मी आधी टाकीकडे वळलो. चांगल्या हातानं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली. भोकात हळद गच्च बसली होती. मी डोक्यात राख घालून घेतली.

"तुह्या पूजेनं पाडलं मले! हात कायले लावला?"

तोवर गाव गोळा झालं होतं. कोणीतरी हसलं. ती दवाखान्यात पट्टी होईपर्यंत शेजारी बसली, तोंड दाराकडे करून.

पंधरा दिवसांनी मी कबूल केलं, "चूक माही होती."

"मले मालूम हाय," ती भाजी निवडत म्हणाली. "घरी बोलले असते तं आयकून घेतलं असतं. तुमी लोकायसमोर बोलले."

ती पुन्हा शेडमध्ये आली नाही. जेवायला वाढते, गोळ्यांची आठवण करते. विमानाचं नाव काढलं की उठून जाते. फाटलेलं कापड मी स्वतःच शिवलं, वाकडंतिकडं.

गेल्या महिन्यात पुन्हा उडवलं. फक्त तिला सांगितलं होतं. "जा," म्हणाली. एकट्यानं ढकललं, झाकण दोनदा तपासलं. चार फेरे मारले, इंजिन एकदाही अडलं नाही. प्रत्येक फेऱ्याला खाली बघत होतो. धुऱ्यावर कोणीच नव्हतं. उतरलो, इंजिन बंद केलं आणि तिथंच चाकाला टेकून रडलो. आनंद सांगायला माणूस नाही, असला कसला आनंद! चांगला अर्धा तास बसलो असेन.

घरी आलो तर ती अंगणात जमिनीवर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"आवाज बंद झाला, तवापासून इथंच बसली मी," ती म्हणाली. "कुठी होते इतका वेळ?"