बर्फाचा एकच भाव

हरिश्चंद्र वकील दमले होते. वयानं म्हणा, नाहीतर एकाच तऱ्हेच्या अशिलांनी म्हणा. रत्नागिरीतल्या बहुतेक कंपन्यांचे कागद त्यांच्याच टेबलावर. लोकांना कंपनी काढायची हौस दांडगी; पण सल्ला विचारायला यायचे ते सगळं करून सवरून झाल्यावर. आधी येतील तर शपथ!

पंच्याऐंशी साली बंदरावरचे तीन बर्फ कारखानदार तसेच आले. आप्पा शेट्ये, भाटकर आणि वकिलांचा सख्खा धाकटा भाऊ केरू. दिल्लीहून मक्तेदारी आयोगाची नोटीस आली होती. तिघांनी संगनमत करून बर्फाचा भाव एकच ठेवला आणि मच्छीमारांना नाडलं, अशी तक्रार होती.

"लेखी काही केलंत का?" वकिलांनी विचारलं.

"छे हो! आम्ही काय खुळे?" आप्पा म्हणाला. "देवळात नारळ ठेवला फक्त."

वकिलांनी कपाळाला हात लावला. धन्य ती माणसं! कागद नको म्हणून यांनी ग्रामदेवीपुढे नारळ ठेवला आणि गुरवाकरवी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, की तिघांचा भाव एकच राहू दे, जो फुटेल त्याला तू बघून घे. तेही शिमग्याच्या पालखीला! बर्फ विकत घेणारे बोटवाले मागे हात जोडून उभे. तक्रारीत साक्षीदार म्हणून निम्मा गाव होता.

"तोंडी ठरलं तरी कायद्याला ते ठरलंच," वकील म्हणाले. "कबूल करा, ज्यानं त्यानं आपापला भाव लावा, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या. समज देऊन सोडतील."

आप्पा आणि भाटकरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांची मशीनं नवी, भाव उतरवणं त्यांना जड नव्हतं. केरूचा मात्र चेहरा पडला. त्याचं मशीन बापाच्या वेळचं, दुप्पट वीज खाणारं आणि निम्मा बर्फ देणारं. भाव एक होता म्हणूनच त्याचा कारखाना तगून होता. वकिलांना हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

दोघे गेल्यावर केरू मागे राहिला. "दादा, काही ठरलंच नव्हतं असं लिही ना. देवळात काय, माणसं काहीही मागतात."

"प्रतिज्ञापत्र आहे रे ते. खोटं ठरलं तर तूच आत जाशील."

"मग देवीला विचारू. नारळ तिच्यापुढे ठेवलाय. तिच्या कौलाशिवाय शब्द कसा मोडायचा?"

वकील नको म्हणाले नाहीत. भांडायचं त्राणच नव्हतं त्यांच्यात. आणि खरं सांगायचं तर, देवी नाही म्हणाली तर बरं, असं त्यांनाही वाटून गेलं.

सोमवारी गुरवानं कौलासाठी देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर शब्द मोडायचा, डावा पडला तर पाळायचा. केरू डोळे मिटून पुटपुटत उभा होता. बराच वेळ काहीच हलेना. मग उजवा कळा टपकन खाली पडला.

उत्तर गेलं, आयोगानं समज दिली, प्रकरण मिटलं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या आणि आप्पा-भाटकरांनी भाव असा खाली आणला की केरूकडे चिटपाखरू फिरकेना. बोटवाले मात्र खूश. त्यांनी वकिलांच्या घरी भलीमोठी सुरमई पाठवली. तिचा घास काही वकिलांच्या घशाखाली उतरला नाही.

दिवाळीच्या आतच केरूचं मशीन थांबलं. तो ऑफिसात आला आणि भावाच्या शेजारी न बसता समोर, अशिलांच्या बाकावर बसला.

"कंपनी बंद करायचीय. कागद कर."

"केरू, अरे, माझ्या हातात..."

"देवीवर माझा राग नाही, दादा. तिला बर्फाच्या धंद्यातलं काय कळतंय? तुला कळत होतं."

वकिलांनी कोरा कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली.