वाकलं की धावणारी गाडी

आमचे बाबा तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. ज्याच्या नखात ग्रीस नाही त्याला इंजिनिअर म्हणणं हा त्यांच्या मते निव्वळ चावटपणा. मी इंजिनिअर आहे. ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसतो, नखं स्वच्छ. शेजारीशेजारच्या दोन चाकांवर आपोआप तोल सांभाळणारी, उभ्याने चालवायची विजेची स्कूटर मी घरी बनवायला घेतली, ती कुठे जायचं होतं म्हणून नव्हे. बाबांनी आयुष्यात एकदा तरी मला शाबासकी द्यावी, एवढंच होतं.

कोपरखैरण्याच्या आमच्या बाल्कनीत चार महिने हा उद्योग चालला. मोडक्या हॉवरबोर्डची चाकं, सायकलचं हँडल, लोखंडी फ्रेम आणि आपण किती कललो ते ओळखणारा एक सेन्सर. पुढे झुकलं की गाडी पुढे, मागे रेललं की मागे. बाबा रोज चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे, बघायचे आणि एक अक्षर न बोलता आत जायचे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दसऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्यांची पूजा झाली. आमच्या गाडीलाही झेंडूचा हार चढला. चाकाखाली ठेवायला आईने सवयीने चार लिंबं आणली होती. उरलेल्या दोन लिंबांचं काय करायचं यावर बायकांची चर्चा झाली. मग मी ऐटीत वर चढलो. गाडी जागच्या जागी ताठ उभी. शेजाऱ्यांनी मोबाईल काढले.

"अरे, आधी बाबांच्या पाया पड," आई म्हणाली.

मी गाडीवरूनच वाकलो.

सेन्सरला संस्कार कळत नाहीत. त्याला वाटलं, साहेबांना घाई आहे. गाडी सुसाट बाबांच्या अंगावर! ते चपळाईने बाजूला झाले आणि मी हारासकट खांबावर आदळलो. कोपर सोललं, आणि चारचौघांत इज्जतीचा पार फालुदा.

बाबा माझ्याकडे न बघता आडव्या पडलेल्या गाडीपाशी उकिडवे बसले. फ्रेमच्या सांध्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे वेल्डिंग कुणी केलं रं?"

"मीच."

"एवढी धडक बसली, पर टाका सुटला न्हाई."

भर पार्किंगमध्ये मला रडू येतंय की काय, असं झालं.

बाबांनी गाडी उभी केली, चपला काढून बाजूला ठेवल्या. "सर बाजूला. मी चढतो."

"अहो, आपटाल!" आई ओरडली.

"मला कशाला वाकावं लागतंय? माझ्याहून मोठं हाय कोण हितं?"