चुन्याखालची ओल

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण नाशिक रोडच्या एका कॉलनीतली ओल आलेली भिंत मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. खरं तर तो शेवटी गुन्हाही ठरला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी फौजदार होतो. तेव्हाचं नाशिक रोड म्हणजे स्टेशन, सरकारी नोकरांच्या वसाहती आणि संध्याकाळी सायकलींची रांग. थंडी अशी पडायची की सकाळी ठाण्यात आलेला माणूस आधी शेगडीपाशी हात शेकायचा आणि मग तक्रार सांगायचा. ते दिवस मला आवडायचे. लोक पोलिसांना घाबरायचे, पण चहा पाजल्याशिवाय सोडायचेही नाहीत.

अशाच एका सकाळी एक मास्तर फिर्याद घेऊन आले. नांदगावला हायस्कुलात नोकरी, शनिवारी पॅसेंजरने घरी, सोमवारी परत. मुलाचं लग्न ठरलं होतं. सुनेला घालायच्या म्हणून बायकोच्या सोन्याच्या पाटल्या काढायला गेले, तर पेटीत पाटल्याच नाहीत. घरात भिंतीचा गिलावा दुरुस्त करायला एक गवंडी येत होता. मास्तरांचा संशय सरळ त्याच्यावर होता.

बाईंचा जबाब घेतला. त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात भिंतीतनं पाणी आलं, पेटी खालनं भिजली. सगळं सामान काढून मी खाटेवर उन्हात घातलं. पाटल्या तेव्हा होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. गवंडी तिथंच काम करत होता."

एवढं ऐकून आमचे जमादार गवंड्याला आणायला गेलेसुद्धा. नाशिकातल्या द्वारका नाक्याजवळच्या त्याच्या गल्लीतून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. जमादार माणूस मोठा गुणाचा, पण संशयित समोर बसला की गुन्हा उघडकीस आला असं त्यांना वाटायचं.

गवंडी ठाण्यात भिंतीला टेकून बसला होता. हातावरचं सिमेंट अजून धुतलेलं नव्हतं. मी दरडावून विचारलं, मग समजुतीने विचारलं. त्याचं एकच.

"साहेब, मी ती पेटी उघडी पाह्यलीच नाय. खाटेवर सामान बी पाह्यलं नाय."

"मग बाई खोटं बोलतात?"

"तसं मी कसं म्हनू? पन आमचं काम लोकांच्या घरात असतंय. एकदा चोर म्हनून नाव लागलं का कोन उंबऱ्याच्या आत घेतो?"

खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या कोणाचं तरी नाव सुचवतो, असा माझा अनुभव आहे. याने कोणाचंच सुचवलं नाही. जमादारांना म्हटलं, याला चहा द्या आणि हात लावू नका. मी मास्तरांच्या घरी पंचनाम्याला गेलो.

दर पावसाळ्यात गोदावरीला पूर येऊन नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की काठच्या घरांचे पंचनामे व्हायचे. बंदोबस्ताला असल्यामुळे मी तलाठ्याबरोबर हिंडायचो. पुरात पडलेली भिंत आणि चार वर्षांपासून पडायला टेकलेली भिंत, दोन्ही मालकाच्या तोंडून पुरातच पडायच्या. त्यामुळे नवी ओल आणि जुनी ओल ओळखायची सवय मला लागली होती. नवी ओल काळपट दिसते, उलट्या हाताला गार लागते, बोट दाबलं की चुना बोटाला येतो. जुनी ओल वाळून पिवळी पडते, एकात एक कडा दिसतात आणि खाराची पांढरी पूड झडते.

गवंड्याने अर्धी भिंत खरवडली होती, अर्धी तशीच होती. पेटीमागच्या त्या अर्ध्या भिंतीला मी हात लावला. कोरडी ठणठणीत. जागोजागी पोपडे, आणि नीळ घातलेल्या चुन्यातून पिवळट कडा पुसट दिसत होत्या. नखाने चुना खरवडला, तर खाली तोच डाग जास्त गडद निघाला. म्हणजे डाग आधीचा, चुना नंतरचा.

"वहिनी, चुना कधी दिला?"

"दिवाळीला. हे सुट्टीला यायच्या आधीच दरवर्षी उरकून घेते."

बोलून गेल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं. पाणी पावसाळ्यात आलं होतं, दिवाळीला त्यावर चुना फिरला होता. मग गेल्या आठवड्यात पेटी भिजली कशी आणि सामान उन्हात आलं कशाला?

मी पंचांना बाहेर पाठवलं. मास्तर ओसरीवर होते. बाईंना सांगितलं, "वहिनी, तो माणूस ठाण्यात बसलाय. घरी त्याचीही बायको आहे."

त्या स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसल्या. पदर तोंडाला लावून सांगितलं. त्यांच्या मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं, दुसऱ्या जातीत. मास्तरांनी तिचं नाव टाकलं होतं. पावसाळ्यात ती दिवस भरत आलेली अशी गुपचूप भेटायला आली. पेटी भिजली म्हणून सामान काढलेलं होतंच, त्यात पाटल्या हाताला लागल्या. "माझ्या आईनं मला घातल्या होत्या. मी तिची ओटी भरली आणि तिच्या हातात घातल्या. यांना काय सांगणार होते?"

मला त्या बाईचा राग आला आणि कीवही आली. तिने आईपण निभावलं होतं, पण त्याची किंमत भलत्याच माणसाकडून वसूल होत होती.

"हे मला सांगून उपयोग नाही," मी म्हणालो, "मास्तरांना सांगा."

ओसरीवर त्यांनी ते सांगितलं तेव्हा मी मुद्दाम टोपी पुसत बसलो. मास्तर आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं होतं. पण ते उठून समोरच्या तुळशीपाशी गेले. मग खालच्या आवाजात विचारलं, "मुलगा झाला का मुलगी?"

"मुलगी," बाई म्हणाल्या.

फिर्याद गैरसमजातून दिली होती असा नवा जबाब मास्तरांनी ठाण्यात येऊन दिला. वरिष्ठांची परवानगी घेऊन पुढे कागद बंद केले. पण गवंडी ठाण्यातून उठेना.

"साहेब, आनलं सगळ्यांसमोर आन् सोडता गुपचूप. लोक म्हनतील, काहीतरी देऊन सुटला."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते उठले. सायकल हातात धरून त्याच्याबरोबर द्वारकेपर्यंत चालत गेले. जमादारांनाही मी पाठवलं. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभं राहून मास्तर वर्गात बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, "या माणसानं माझ्या घरातली काडीसुद्धा उचलली नाही. चूक आमची होती." हे मला जमादारांनीच येऊन सांगितलं आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने सगळ्या ठाण्याला चहा पाजला.

माणूस कशासाठी खोटं बोलतो हे कळल्याशिवाय खोटं पकडण्यात अर्थ नाही, हे मी तिथे शिकलो. त्याआधी नुसतं पकडत होतो.

लग्नाला मला बोलावणं होतं. गेलो तेव्हा मास्तर वरबाप असूनही मांडवात एका कोपऱ्यात बसले होते, मांडीवर काजळ माखलेली नात घेऊन. तिने त्यांचा फेटा ओढून सोडवला होता. शेजारी मुलगी उभी होती, पाटल्या तिच्याच हातात होत्या. आणि पंगतीत वाढणाऱ्यांमध्ये धुतलेला शर्ट घालून तो गवंडी होता. मला जिलबी वाढताना म्हणाला, "साहेब, भिंत पुरी केली बरं का. आता हात लावून बघा."